कडेकडून आत

धारच्या शाळेत आज मंडलाची गोल नक्षी शिकवताना परकाराचं टोक कागदात रुतलं आणि मला निसरपूरचा माझा जुना वर्ग आठवला. तेव्हा त्या गावात धरणाचं पाणी रोज चढत होतं. मी मुलींना बजावलं होतं, मधल्या बिंदूपासून बाहेर जायचं. रेखा मात्र कडेपासून लाटा काढत आत येत होती.

"उलटं काय करतेस? खोड सगळं!" मी ओरडले.

"मॅडम, पानी तो ऐसे ही आ रहा है," ती हळूच म्हणाली. मधोमध टिकलीएवढा चौकोन उरला होता. "और ये मेरा घर."

बाकीच्या मुली घाबरतील, असं मी मनाला सांगितलं. खरं तर घाबरले होते मीच. खोडरबर तिच्यापुढे सरकवलं.

तिने आधी घर खोडलं.