बाजाराला भिणारे आमचे गाइड

आमच्या पीएच.डी.च्या गाइडइतका बाजाराला भिणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल, आणि विद्यार्थ्यांना त्याच बाजारात ढकलायचा ध्यास घेतलेला माणूसही दुसरा नसेल. या दोन्ही गोष्टी सरांच्या एकाच किडकिडीत देहात नांदत होत्या आणि त्यांचं आपापसात मुळीच पटत नव्हतं. सर रसायनशास्त्राचे. प्रयोगशाळेत सिद्ध झालं म्हणजे काम अर्धंच झालं, असं त्यांचं ठाम मत होतं. ज्याला विद्यार्थ्याच्या पदवीशी काही देणंघेणं नाही असा गावातला कुणीतरी माणूस त्याने बनवलेली वस्तू आपल्या धंद्यात वापरेल, तेव्हाच ते प्रबंधावर सही करायचे. विद्यापीठाच्या नियमांत असलं काही नव्हतं. माझ्या आधीच्या एका विद्यार्थ्याने करडईच्या पेंडीपासून डिंक बनवला होता. तो एका बाइंडिंगवाल्याने वापरला, म्हणून सरांनी समाधानाने सही केली. पुढे त्या वह्यांच्या पाठी उंदरांनी खाल्ल्या तेव्हा सर आठवडाभर त्या गल्लीतून गेले नाहीत.

त्यांच्या धास्तीला तशी कुठलीच हद्द नव्हती. प्रयोगशाळेला कुलूप लावून निघाले की गॅसची तोटी बंद केली की नाही हे पाहायला फाटकातून परत यायचे, आणि तोटी पाहून झाल्यावर कुलूप लागलं की नाही या काळजीने पुन्हा परत यायचे. भाजी आणायला गेले तर भाव विचारायची त्यांची छाती होत नसे. एकदा वांगीवालीने "किती देऊ?" असं जरा वरच्या पट्टीत विचारलं, तर सर म्हणाले, "तुम्हाला सोयीचं पडेल तेवढं द्या." तिला सगळीच पाटी द्यायला सोयीचं पडलं. पुढचे काही दिवस विभागातल्या प्रत्येकाच्या डब्यात वांग्याची भाजी होती.

आणि हेच सर दर शनिवारी दुपारी आम्हाला माल खपवायचं शिक्षण देत. स्वतः काळी टोपी घालून स्टुलावर मांडी घालून बसायचे आणि व्यापारी व्हायचे. आम्ही आपलं संशोधन घेऊन त्यांच्या 'दुकानात' शिरायचं. पण सरांच्या अंगात व्यापारी शिरता शिरत नसे. "यावं, बसावं," म्हणून ते उठून उभे राहायचे आणि मग अतिशय आदराने विचारायचे, "आपण आर्द्रतेचं मापन कोणत्या पद्धतीने केलंत?" या तयारीवर आम्ही खऱ्या पेठेत जायचो. तिथला पहिला प्रश्न असायचा, "खराब झालं तर धरायचं कुणाला?" आम्ही मागे वळून पाहायचो, तर सर आत आलेलेच नसायचे. ते रस्त्यापलीकडे, आपला या विद्यार्थ्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने पंचांग विकत घेत उभे असायचे. त्यांच्याकडे एकाच वर्षाची कितीतरी पंचांगं होती.

माझा विषय होता चिंचोक्याची खळ. विणण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावतात, म्हणजे घर्षणाने धागा तुटत नाही. ही खळ पिठाची असते. दुष्काळ नुकताच सरला होता. माणसांना भाकरीला पीठ मिळेना तेव्हा धाग्याला ते कुठून लावणार, म्हणून मी चिंचोक्याच्या पिठाची खळ करत होतो. प्रयोगशाळेत ती इतकी झकास उतरली की सर आनंदाने घाबरले. "इतकं बरं कसं काय झालं?" असं म्हणत त्यांनी मला सगळे प्रयोग पुन्हा करायला लावले. पुन्हा तेच आलं. वेळ मात्र थोडा होता. सर जूनमध्ये निवृत्त होणार होते, आणि इचलकरंजीच्या एका गिरणीने मला प्रबंध दाखल झाला तर जूनपासून घेऊ म्हणून सांगितलं होतं. सही हुकली तर नवा गाइड, नवे हेलपाटे आणि घरी वडिलांपुढे पुन्हा हात पसरणं. मला जेवण जाईना. सरांना तर माझ्याहूनही कमी जाई.

शेवटी एप्रिलमध्ये साखर पेठेतले एक मागवाले अण्णा एक ताणा द्यायला तयार झाले. घरात तेलुगू, पेठेत मराठी बोलणारा, कमी शब्दांचा माणूस. ताण्याला माझी खळ लागली, माग सुरू झाला, आणि धागे तुटायला लागले. एक जोडला की पलीकडचे दोन तुटत. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखी हवा होती आणि मागाखाली वाळलेल्या खळीचा भुगा पडत होता. अण्णांनी माग बंद केला. चादर अर्धीच राहिली. "न्या तुमचं पीठ," एवढंच ते म्हणाले.

मी बाहेर येऊन सरांना सांगितलं. त्यांनी हातातलं पंचांग मिटलं. मग विचारलं, "आत हवा कशी होती?" मी म्हटलं, कोरडी, अगदी कोरडी ठणठणीत. आणि दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते. विद्यार्थ्यांना उन्हाळा बाधेल म्हणून ते सरांनी स्वतः आणून लावले होते, आणि पाण्याची टंचाई म्हणून रोज घरून सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून पाणी आणून तेच ते भिजवायचे. त्या गार, ओलसर हवेत माझी खळ मऊ राहत होती. सोलापूरचा उन्हाळा तिने कधी पाहिलाच नव्हता.

पडदे त्याच दिवशी उतरले. खळ मऊ राहावी म्हणून तिच्यात एरंडेल वाढवत आम्ही त्या भाजून काढणाऱ्या खोलीत नव्याने प्रयोग केले. सर दर थोड्या वेळाने मला पाणी पाजायचे आणि स्वतः प्यायचं विसरायचे. खळ जमली. पण अण्णा दुसरा ताणा कशाला देतील? मी एकटा जाऊन विनवणी करून आलो, ते तयार झाले नाहीत. मे संपत आला होता.

मग एके सकाळी सर म्हणाले, "चल." पेठेत पोचलो. मी सवयीने एकटाच आत शिरलो, तर मागून चपला वाजल्या. सर आत येत होते. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, हात जोडलेले. "खळ बिघडली त्यात याची चूक नाही," ते अण्णांना म्हणाले. "पडदे मी लावले होते. खराब झालं तर मला धरा."

अण्णांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी व्हय याचे सर? मला वाटलं तुमी पंचांगवाले."

"नाही," सर म्हणाले.

"ताणा देतो की. पण तुमी हितं मागापाशी बसायचं. चादर उतरंपर्यंत उठायचं न्हाय."

सर बसले. उन्हाची तिरीप लागली तरी डोक्याला रुमाल बांधणारा तो माणूस तापलेल्या पत्र्याखाली, मागाच्या खडखडाटात, एका उपड्या डब्यावर बसून राहिला. धोटा या बाजूने त्या बाजूला गेला की त्यांची नजर जायची, परत आला की परत यायची. मला धाग्यांकडे पाहवत नव्हतं, मी सरांकडेच पाहत होतो. मध्येच एक धागा तुटला. सर उभेच राहिले. अण्णा म्हणाले, "बसा सर. एवढं तुटतंच." उन्हं कलली तेव्हा चादर उतरली. सरांनी तिच्यावरून हात फिरवला आणि हळूच अण्णांना विचारलं, "ही कितीला देणार?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला भाव विचारला असावा. अण्णांनी सांगितलेला आकडा ऐकून ते म्हणाले, "जरा जास्त होतं हो." अण्णा हसले. सर घाबरले नाहीत.

प्रबंधावर सही झाली. जून आला, सर निवृत्त झाले. बाजाराची भीती गेली तेव्हा त्यांच्याकडे सोबत न्यायला विद्यार्थीच उरला नाही. मी गावात होतो ते थोडे दिवस ते सकाळीच धुतलेला सदरा घालून माझ्या खोलीवर यायचे आणि विचारायचे, "आज कुणाकडे जायचंय का?" जायचं कुठेच नसायचं. मी काहीतरी काम काढायचो आणि आम्ही रंगवाल्याकडे, तेलवाल्याकडे उगाचच जाऊन यायचो. दुकानात ते माझ्या पुढे शिरायचे.

इचलकरंजीला निघालो त्या दिवशी एस.टी. स्टँडवर आले. गाडी सुटायची वेळ झाली तरी खिडकीची दांडी धरून उभे होते. मला वाटलं आता नेहमीसारखं तिकीट नीट ठेव, पाणी बघून पी, असं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "तिकडे कुणाकडे जायचं झालं, आणि सोबत हवीशी वाटली, तर कळव. मी येईन." मी हो म्हटलं. नवीन नोकरीच्या धांदलीत तसं काही निघालं नाही, आणि आता सर नाहीत, कळवायचं तरी कुणाला.