थोरलीचं नाव

शाळेत पहिला तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दाराशी आला आणि म्हणाला, "बाई, श्रीगोंद्याहून फोन आहे." फोनवर धाकटा भाऊ होता. अप्पांनी उठल्यावर चहा मागितला होता. भावजय कप घेऊन आली, तोवर ते भिंतीला टेकून बसल्या जागीच गेले होते... या गोष्टीला आता सात आठवडे झाले. त्या दिवशी नगरहून एसटीनं जाताना मला रडू आलं नाही. सारखा एकच प्रवास आठवत राहिला, पाच-सहा वर्षांपूर्वी अप्पांबरोबर केलेला. वडिलांबद्दल लिहायचं म्हटलं तर पुष्कळ आहे, पण मला त्या प्रवासाबद्दलच लिहावंसं वाटतं. आयुष्यभर आमचे वडील असलेल्या माणसाला त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाचा तरी मुलगा म्हणून पाहिलं.

अप्पा तलाठी होते. सातबारा, फेरफार, वारसांच्या नोंदी यांत त्यांची सगळी हयात गेली. त्यांच्या सज्जातल्या, म्हणजे नेमून दिलेल्या गावांतल्या, कुठल्याही घराची वंशावळ ते पाणी पिता पिता सांगत. पण स्वतःच्या जन्मदात्रीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ते रांगत होते तेव्हाच ती गेली. आजोबांनी दोन महिन्यांत दुसरं लग्न केलं आणि त्या पार्वतीबाईंनी, म्हणजे माझ्या आजीनं, अप्पांना वाढवलं. घरात पहिलीचा उल्लेख झालाच तर 'थोरली' एवढाच, आणि आजोबांसमोर तोही नाही. आजीच्या गळ्यात मात्र थोरलीच्या नावाचा चांदीचा टाक असे. दुसरेपणावर दिलेल्या बायका पहिलीची आठवण म्हणून घालत, तसा. लहानपणी मी त्याला हात लावला की आजी म्हणायची, "राहू दे गं, निजलीय ती."

अप्पांनी आजीला थोरलीबद्दल कधीच विचारलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिला वाटेल, माझं काय कमी पडलं म्हणून हा आता दुसरी आई शोधतोय." आजी गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं आणि मगच अप्पांनी शोध सुरू केला. सवयीप्रमाणे त्यांनी कागदापासून सुरुवात केली.

तहसील कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये आमच्या गावची जुनी कोतवाल बुकं होती. गावातले जन्म-मृत्यू त्यात मोडीत लिहिलेले. अप्पांना मोडी वाचता येई. दोन दिवस ते तिथं धुळीत बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. मृत्यूची नोंद सापडली होती. आजोबांचं नाव, पुढे 'याची बायको', वय अंदाजे एकोणीस, कारण ताप. बस्स, एवढंच. "बायको असं लिहिलंय गं," अप्पा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मीही असंच लिहीत आलो असेन की."

स्वतःच्या जन्माची नोंद मात्र त्या बुकात नव्हती. त्यावरून अप्पांनी ताडलं, पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरी झालं असणार. पण माहेर कुठलं? त्या घराशी आजोबांनी संबंध तोडलेले. मग त्यांना सुचलं, आजीच्या माहेरी विचारायचं. त्या काळी सोयरिकी जुळवणारी माणसं फिरून फिरून त्याच पट्ट्यात मुली बघायची. आजीचं माहेर जामखेडच्या पलीकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं निघालो.

आजीचा भाचा ओट्यावर ज्वारी निवडत बसला होता. अप्पांनी भीत भीत विषय काढला, तर तो सहज म्हणाला, "थोरलीचं माहेर व्हय? ते काय, वढ्यापल्याड, दोन कोसावर. आत्या जायची की दर सालाला."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. आजी दर वर्षी संक्रांत झाली की चार दिवस माहेरी जायची, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या चारांतला एक दिवस कुठं जायचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते दोन कोस आम्ही चालत गेलो. बाभळी, उघडे माळ, कोरडा ओढा. थोरलीचा धाकटा भाऊ हयात होता. दगडूमामा, ऐंशीच्या आसपासचे, डोळ्यांत मोतीबिंदू. अप्पांनी नाव-गाव सांगितलं. मामा उठले नाहीत की दचकले नाहीत. म्हणाले, "बस. येशील म्हनली हुती पार्वती. मी हाय तवर न्हाई यायचा, मी गेल्याव येईल, असं म्हनली हुती."

चहा आला. अप्पांनी कप उचलला आणि मामा एकदम पुढं वाकले. "डावरा हायस का रं?"

"व्हय," अप्पा म्हणाले. मी त्यांच्या तोंडून 'व्हय' त्या दिवशीच ऐकलं. "लिहायला मास्तरांनी मारून उजवा लावला. बाकी सगळं डाव्यानंच."

"गजरा बी डावरीच," मामा म्हणाले. "भाकरी डाव्या हातानं थापायची, म्हनून सासरी बोलनी खायची."

असं ते नाव आलं. मी अप्पांकडे बघायचं टाळलं. त्यांनी कप खाली ठेवला होता.

मग मामा सांगत गेले. एकोणीस वर्षांचं आयुष्य ते. सांगून संपायला तास पुरला. गजरा चिंचेच्या शेंड्यावर चढायची. विहिरीला भ्यायची. तेराव्या वर्षी लग्न झालं, बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. पहिलटकरीण म्हणून आली ती पाच महिने राहिली. त्या पाच महिन्यांत घरात नुसतं हसणं होतं. न्यायला आले तेव्हा ऊन फार, बाळ लहान. तिला जायचं नव्हतं. मामा गाडीमागं ओढ्यापर्यंत पळाले. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस बाजारातून आलेल्या कुणीतरी सांगितलं, तुमची लेक जाऊन पंधरा दिवस झाले. मातीला कुणी बोलावलं नाही, दवा केली का, तेही कळलं नाही. वर लगेच दुसरं लग्न झाल्याचं कानावर आलं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी शपथ घातली, त्या गावचं पाणी पुन्हा प्यायचं नाही.

"आनि वरीस सरायच्या आत ही दारात हुबी," मामा म्हणाले. "गळ्यात टाक. म्हनली, मी तुमची लेक म्हनून आलेय. आयनं दार लावून घेतलं. ही उंबऱ्याशी बसली, ऊन डोक्यावर येईस्तवर. शेवटी आयनंच इचारलं आतून, पोरगं काय करतंय? ही म्हनली, चालाया लागलंय."

तेव्हापासून आजी दर वर्षी गेली. अप्पांची शाळा, नोकरी, लग्न, आमचे जन्म, सगळं त्या घराला माहीत होतं. माझं नावही. "आमी म्हनायचो, एकदा आन की त्याला. तर म्हनायची, मालकांनी शपथ घातलीय. अन् मालक गेल्यावर इचारलं तर नुसती हसली. म्हनली, आता मलाच भ्या वाटतंय. मामाकडं गेला अन् मला परकी म्हनला तर?"

परतीच्या एसटीत जामखेड जवळ आलं. अप्पा म्हणाले, "मी तिला जपायचं म्हणून गप्प राहिलो, आणि ती मला धरून ठेवायचं म्हणून. पन्नास-साठ वर्षं एका चुलीपाशी बसून..." मला वाटतं, त्यांना गजराची आई म्हणून आठवण काढता येत नव्हती. आठवण अशी काही नव्हतीच. त्यांना त्या वेळी पार्वतीबाई आठवत होत्या, कुणाच्या तरी बंद दाराशी उन्हात बसलेल्या.

त्यानंतर अप्पांना एक सवय लागली. बाई भेटली की ते तिला तिचं नाव विचारत. एसटीत शेजारी बसलेली, दवाखान्यात झाडणारी, कुणीही. "नवऱ्याचं नको, माहेरचं सांग." काहीजणी लाजत, एखादी रागावे. भाऊ वैतागायचा, "लोक काय म्हणतील अप्पा." ते ऐकत नसत. आणि एकदा ऐकलेलं नाव विसरत नसत.

गेल्या सुट्टीत घरी गेले होते. सकाळी मेथीची पाटी घेऊन भाजीवाली दारात आली. आमच्या गल्लीत सगळे तिला मेथीवालीच म्हणतात. मीही कित्येक वर्षं तिच्याकडून भाजी घेत आलेय. ती परगावी लेकीकडं होती, अप्पा गेल्याचं तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं. पाटी खाली ठेवून ती पायरीवर बसली.

"तुमचं नाव काय हो, मावशी?" मी विचारलं. विचारताना मान वर झाली नाही माझी.

"हौसा," ती म्हणाली. "सासरी निराळं ठेवलंय. ह्ये अप्पास्नीच ठावं हुतं."