पुन्हाताई आणि कुत्रीचं रक्त

प्राण्यांच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिला सगळे पुन्हाताई म्हणायचे. एकदाच आलेल्या आकड्यावर तिचा विश्वास बसायचा नाही. घरातून निघतानाही गॅस बंद केलाय ना, हे बघायला ती दोनदा जिना चढायची आणि नवरा खाली ताटकळायचा.

त्या सोमवारी एका म्हाताऱ्या कुत्रीचं रक्त आलं. ती चक्कर येऊन दोनदा पडली होती. साखर पार तळाला गेलेली, इन्सुलिन मात्र भरमसाट. हे इन्सुलिन तिच्याच अंगातलं की बाहेरून टोचलेलं, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. त्याची खूण म्हणजे सी-पेप्टाइड. स्वादुपिंडातून इन्सुलिनच्या जोडीनं ते रक्तात उतरतं. सुईतल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं.

आकडा आला, जवळजवळ शून्य.

डॉक्टरांनी फोनवर घरची हकीकत सांगितली. तिथले आजोबा स्वतः इन्सुलिन घेतात, हल्ली विसरतात. तेच आपली सुई कुत्रीला टोचतात, असा सुनेला संशय. आजोबा शपथेवर नाही म्हणतायत, पण त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं जवळपास ठरलंय.

पुन्हाताईनं सहीसाठी पेन उचललं, ठेवलं. फ्रिजपर्यंत जाऊन परत आली. मग तपासणीच्या किटचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. किट माणसांचं होतं. कुत्र्यांचं संपल्यावर लॅबच्या साहेबांनी ‘चालेल’ म्हणून दिलेलं. कुत्र्याचं सी-पेप्टाइड त्याला ओळखूच आलं नसेल तर?

“साहेब, यावर मी सही करणार नाही.”

“डॉक्टर खोळंबलेत.”

“खोळंबू देत. एका माणसाचं घर सुटतंय.”

कुत्र्यांचं किट यायला तीन दिवस लागले. कुत्रीला डॉक्टरांनी थोडंथोडं भरवत तगवलं. इकडे पुन्हाताईच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. गुरुवारी तिनं गोठवून ठेवलेला नमुना दोनदा लावला. दोन्ही वेळा आकडा चढाच. इन्सुलिन कुत्रीचंच होतं. स्वादुपिंडात गाठ असणार.

संध्याकाळी आजोबांनी स्वतः फोन केला. मुलानं माफी मागितली म्हणाले. मग थांबून विचारलं, “पण ती वाचेल ना हो?”

“डॉक्टर गाठ काढणार आहेत,” एवढंच ती म्हणाली. आजोबांवरचा आळ उतरला होता, पण कुत्रीच्या दुखण्याच्या मोलावर.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशनमध्ये वाटाण्याएवढी गाठ निघाली आणि कुत्री घरी चालत गेली. किती दिवसांसाठी, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

लॅबमध्ये सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुन्हाताईनं मात्र जुनं रजिस्टर काढलं. त्याच डब्यातल्या किटवर आणखी चार कुत्र्यांचे रिपोर्ट गेले होते. साहेबांच्या डोळ्यांदेखत तिनं पहिला नंबर फिरवला.