पोवळवाघाचं तोंड

साठ सालाच्या आसपास मी अकोटहून अमरावतीला प्राणिशास्त्र शिकायला आलो. तोवर समुद्र फक्त नकाशात पाहिला होता. तिथं तो निळा आणि सपाट होता. कॉलेजची सहल कोकण किनाऱ्यावर निघणार होती आणि तिची एकच जागा उरली होती. ती मला हवीच होती. सरांनी अट घातली: लाखो वर्षांनंतर प्रवाळाच्या खडकात कोणता शिकारी राहत असेल, तो कल्पनेनं घडवून आणा. ज्याचा प्राणी जगेल, तो सहलीला येईल.

चिखल, कापूस आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्याच झाडाच्या, काड्या घेऊन मी पोवळवाघ बनवला. नाव मेळघाटावरून उचललं. अंगावर पोवळ्याच्या रंगाचे पट्टे, म्हणजे घरमालकिणीकडून मागून आणलेल्या कुंकवाचे. एकच पाय, तो खडकात घट्ट रुतलेला. तोंड प्रवाहाकडे कायमचं वासलेलं. मासे वाहत येणार, हा गिळणार.

खोलीतला मित्र म्हणाला, "हा शिकारी हाय का खानावळीत बसलेला तू बे?"

सर कोकणातले. त्यांनी शांतपणे विचारलं, "भरतीला पोट भरलं. ओहोटीला पाणी उलट फिरतं, तेव्हा हा काय खातो?"

मी समुद्राला आमची पूर्णा नदी समजून बसलो होतो. एकदा निघालेलं पाणी परत कशाला येईल, असं माझं ठाम मत. तरी हटलो नाही.

"मागंही तोंड आहे, सर."

"मग बाकीची सोय कुठून?"

वर्ग पोट धरून हसला. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

ते आठ दिवस फिरणारी प्रत्येक वस्तू मी फिरवून पाहिली. मित्र वैतागला. "काहून येड्यावानी दार हालवून राहिला?" पण उत्तर दारातच होतं. आमच्या त्या जुन्या दाराला बिजागरी नव्हती. त्याचं खालचं टोक उंबऱ्याच्या खळग्यात फिरायचं. मी पोवळवाघाचा पाय तसाच खळग्यात बसवला आणि शेपूट रुंद केली.

सरांनी शेपटीवर फुंकर घातली. वाघ गर्रकन फिरला, तोंड बरोबर फुंकरीकडे. मग त्यांनी बोटानं ढकलून पाहिलं आणि शेपूट त्यांच्या हातात आली.

"मोडली, सर."

"पाय टिकला ना? तुझं नाव यादीत घालतो. तिथं किनाऱ्यावर बस आणि पाणी परत येतं की नाही ते स्वतः बघ."

बसलो. पाणी लांब गेलं तेव्हा चपला काढून ओल्या वाळूवर ठेवल्या. ते परत आलं आणि चपला घेऊन गेलं. अमरावतीपर्यंत मी अनवाणी आलो, पण ओहोटीबद्दल मला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.