सर क्रिस्पिन यांची साक्ष

आमचे मालक सर क्रिस्पिन डॉर्नफर्ड फार भित्रे होते. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. त्यांच्या घरी मी अर्धा जन्म धुणं धुतलं, आणि माणसाच्या चादरी धुणारीपासून काय लपतं? ऐन थंडीत, काचांवर बर्फ धरलेलं असताना, त्यांची चादर घामाने भिजून यायची.

त्यांच्या वडिलांना शिकारीचं वेड. पोरगं सात वर्षांचं असताना त्याला उधळ्या घोड्यावर बसवून कुंपणावरून उडी मारायला लावली. घोडा कोसळला, पोराचा हात मोडला. बापाने मोडक्या हातानिशी त्याला परत वर चढवलं. "डॉर्नफर्ड रडत नाहीत," म्हणाले. मालक रडले नाहीत; पण तेव्हापासून त्यांना घोड्याची भीती, कुत्र्याची भीती, ढगांच्या गडगडाटाची भीती. थोरला भाऊ स्पेनच्या लढाईत पडला म्हणून आमच्या वेस्कम गावची सगळी जमीन यांच्या गळ्यात आली, आणि जमिनीमागोमाग पार्लमेंटातली खुर्ची. ती जागा घरचीच होती. मत देणारे मूठभर, आणि तेही सगळे त्यांचीच कुळं. निवडून यायला काही बोलावं लागत नसे, हे एक बरं होतं. एकदाच म्हणे ते सभागृहात उभे राहिले, "अध्यक्ष महाराज" म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी बाकं बडवून वाहवा केली. त्या आठवड्यात मी रोज दोन चादरी धुतल्या.

मी टॅबिथा रज. माझा धाकटा भाऊ एनॉक मालकांच्याच शेतावर मजूर होता. हिवाळ्यात शेतमजुराला काम म्हणजे एकच, कोठारात गहू झोडपायचा. त्यावरच वसंतापर्यंत चूल पेटायची. मग कारभारी पिंक्नीने मळणीचं यंत्र आणलं. घोडे जुंपले की ते असं खडखडायचं की माझ्या धुण्याच्या खोलीतली घंगाळं हलायची. झोडपणारे घरी बसले. एनॉकची बायको बटाट्याची सालं उकडायला लागली.

त्या नोव्हेंबरात सगळ्या मुलखात आग लागत होती. आज या गावची गव्हाची गंजी, उद्या त्या गावची. मालक जेवताना उठून खिडकीशी जायचे आणि पडद्याआडून बघायचे. लेडी ऑगस्टा म्हणायच्या, "अहो, बसा ना! तुम्ही बघितलंत म्हणून आग विझणार आहे का?"

मग एका सकाळी शिंग वाजलं. मी अंगणात कपडे पिळत होते. झाडांमधून माणसं येताना दिसली, पाचशे वाटली मला, असतील दोनशे. हातात हातोडे, कुऱ्हाडी, कुदळी. आणि सगळ्यांच्या पुढे आमचा एनॉक. माझ्या हातातलं कापड तिथेच चिखलात पडलं.

मालक पायऱ्यांवर आले होते. आले कसले, पिंक्नीने आणून उभे केले होते. पिंक्नीकडे बंदूक होती.

"मालक, हुकूम द्या. पुढच्या दोघांना आडवं करतो, बाकीचे सशासारखे पळतील."

पुढच्या दोघांतला एक माझा भाऊ.

एनॉकने टोपी काढली. "मालक, तुमच्या केसाला धक्का लावणार नाही. फक्त ते यंत्र तोडायला आलोय. पोरं उपाशी आहेत."

मालकांचे ओठ चुन्यासारखे पांढरे पडले होते. त्यांनी हात उचलला आणि पिंक्नीची बंदूक खाली दाबली. "तोडा," ते म्हणाले. मग एकदम किंचाळल्यासारखं, "तोडा, तोडा! काय ते तोडा!"

लोकांनी जयजयकार केला आणि कोठाराकडे धाव घेतली. मालक वळून आत गेले. दुपारी त्यांची तुमान माझ्याकडे धुवायला आली, ओली. बाहेर पाऊस नव्हता. मी ती इतर कपड्यांच्या खाली घातली आणि दार लावून धुतली. कोणालाही बोलले नाही.

दोन दिवसांनी कर्नल हेजकॉम्ब घोडेस्वार घेऊन आले. ते शेजारचे जमीनदार. घराघरांतून माणसं ओढून काढली. एनॉकला त्याच्या पोरांसमोर बांधून गाडीत टाकलं. गावात कुत्रं भुंकलं तरी बायका दारं लावून घ्यायच्या. कोणी म्हणे जन्मठेप, जहाजात घालून जगाच्या पार टोकाला नेणार. कोणी म्हणे फास. माझ्या डोळ्यांसमोर एनॉकची मान यायची, उन्हाने रापलेली.

खटल्याच्या आधी मालक वाळवणाच्या अंगणात आले. तिथे ते कधी फिरकत नसत. ओल्या चादरींच्या मधे उभे राहिले, जणू लपलेच.

"रज," ते म्हणाले, "त्या दिवशीचं... तू कोणाला सांगितलंस?"

"नाही मालक."

"बायकोलाही माहीत नाही." त्यांनी चादरीचं टोक मुठीत धरलं होतं, माझी परत धुवायची पाळी आली. "कर्नल म्हणतात, कोर्टात फक्त एवढंच म्हण, की जमावाला भिऊन हो म्हटलं. म्हणतात, लाज कसली, सगळ्या जगाला माहीतच आहे."

मी पुढची चादर पिळायला घेतली. बोलले असते तर पाय धरले असते.

"तसं म्हटलं तर त्या माणसांचं काय होईल ठाऊक आहे मला. आणि मी राजीखुशीने सांगितलं म्हटलं, तर तो गुन्हाच नाही. माझं यंत्र, माझा हुकूम. पण बायबलवर हात ठेवून खोटं, रज! आणि वर सगळा जिल्हा माझ्याकडे बघत असणार. मला बरं नाही असं कळवू का?"

"मालक," मी म्हटलं, "त्यात माझा भाऊ आहे."

"हो," ते म्हणाले, "टोपी काढणारा." आणि निघून गेले. माझा जीव टांगणीला लागला. हा माणूस कोर्टात उभा राहील यावर मी एक साबणाची वडीसुद्धा पैजेवर लावली नसती.

जानेवारीत कोर्ट भरलं. मी मागे बायकांच्या घोळक्यात उभी होते. एनॉक आणि बाकीचे कठड्यात, साखळदंडात. मालकांना पुकारलं. ते आले, पण साक्षीच्या पिंजऱ्याची पायरी चढताना अडखळले, आणि पुढच्या बाकांवरच्या जमीनदारांत खसखस पिकली. मी डोळेच मिटले.

सरकारी वकिलाने विचारलं, "आपण आरोपींना यंत्र तोडायला सांगितलंत, ते जिवाच्या भीतीने, बरोबर?"

मी डोळे उघडले. मालक कठडा धरून उभे होते.

"नाही."

"दोनशे माणसं हातोडे घेऊन दारात, आणि आपण घाबरला नाहीत?"

"न-नाही घाबरलो."

"मग आत्ता आपले हात का थरथरतायत?"

सगळं कोर्ट हसलं. कर्नल सगळ्यांत मोठ्याने.

"थंडी आहे," मालक म्हणाले.

न्यायाधीश पुढे वाकले. "सर क्रिस्पिन, आपण शपथेवर आहात. स्वतःचं यंत्र मोडायला आपण माणसं बोलावलीत, असं म्हणणं आहे का?"

"बोलावली नव्हती, महाराज. ती आली. मी म्हटलं, आलाच आहात तर तोडा. त्याचा खडखडाट मला आवडत नव्हता."

परत हसू. मालकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, त्या थंडीत. पिंक्नी साक्षीला आला तेव्हा बंदुकीबद्दल विचारलं. तो मालकांकडे बघत म्हणाला, "मालकांनी हाताने बंदूक खाली केली, हे खरं." वकिलाने मालकांना परत पिंजऱ्यात बोलावून आणखी चार वेळा फिरवून फिरवून तोच प्रश्न विचारला. चारही वेळा मालकांचा आवाज आणखी बारीक होत गेला, पण उत्तर तेच.

ज्यूरीच्या पंचांनी आमच्या शेतावरच्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. एनॉकच्या पायातल्या बेड्या काढल्या. पण आमच्या आळीतल्या सायलस फ्रायला त्याच दिवशी पुन्हा धरलं, कर्नलच्या कोठारातलं यंत्र मोडल्याबद्दल. तिथे "तोडा" म्हणणारं कोणी नव्हतं. त्याला जहाजात घातलं. त्याची आई मरेपर्यंत नाक्यावर जाऊन बसायची.

मालकांचं त्यानंतर काही भलं झालं नाही. रविवारी चर्चच्या दारात कर्नलने सगळ्यांदेखत त्यांच्याकडे पाठ फिरवली. लेडी ऑगस्टा माहेरी गेल्या त्या वर्षभर आल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीला मालक उभे राहिले नाहीत, आणि लवकरच असल्या मूठभर मतांच्या जागा रद्द करणारा कायदा होऊन पार्लमेंटातली ती जागाच गेली. दारांना नव्या कड्या बसल्या. ते धाडसी वगैरे झाले असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. उलट दोन वर्षांनी पिंक्नीच्या आग्रहाने नवीन यंत्र आलंच. एनॉक ते बघून थुंकला.

"टॅबे, तुझ्या मालकाला आता आवाज आवडायला लागला वाटतं!"

पण यंत्राला कोणी हात लावला नाही. आणि हिवाळ्यात झोडपणाऱ्यांना कुंपणं बांधायचं, चर खणायचं काम निघू लागलं. कुंपणं आधीच धड होती.

मालक तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना खोलीत एकटं राहवेना. दार उघडं हवं, कोणीतरी बसलेलं हवं. आम्ही नोकरांनी पाळ्या लावल्या. एनॉकच्या कानावर गेलं. म्हणाला, "माझी पण लावा एक." चिखलाचे बूट पायऱ्यांशी काढून, मोज्यांवरच वर गेला आणि दुपारभर बसला.

उतरल्यावर मी विचारलं, "काय बोललात रे?"

"उंदरांबद्दल."

"उंदरांबद्दल?"

"गंजीतले उंदीर कसे पकडायचे ते विचारत होते. त्यांना उंदरांची पण भीती वाटते गं."

तो आणखी दोनदा गेला. मालक गेले त्या सकाळी पाळी माझी होती. त्यांनी माझा हात धरला होता, आणि हात कितीतरी वेळाने सैल झाला.