सिम की कार्ड
परवा कपाट आवरताना एका डबीत मेमरी कार्ड सापडलं. डबीला अजून ग्रीसचा वास होता. वडील विहिरीच्या मोटरी दुरुस्त करायचे. ते गेल्यावर कळंबच्या दुकानातून आईला नवा फोन घेतला, पण तिच्या सिमशेजारी उरलेल्या एकाच खाचेत वडिलांचं सिम बसणार होतं, नाहीतर त्यांच्या फोटोंचं कार्ड. मी दुकानदाराला कार्डच बसवायला सांगितलं. आई म्हणाली, "फोटू डबीत ठिवू. सिम घाला. लोक अजून त्यांनाच फोन करत्यात." परवा मी ते कार्ड हातात घेऊन कपाटापाशी उभा होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरात वडिलांच्या नंबरवर फोन वाजला. "ते न्हाईत आता," आई म्हणाली, आणि मग समोरच्याच्या मोटरीला काय झालंय ते शेवटपर्यंत ऐकत राहिली.