शुक्रवार ओलांडलेली म्हैस

कोल्हापुरात उलटं चालत सर्वांत जास्त अंतर कापलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता आमच्या गल्लीतल्या बॅनरवाल्या चाचांकडे बोट दाखवेन. चाचा थिएटरसाठी सिनेमाची भलीमोठी कापडी बॅनर्स रंगवत. बॅनर बघायचं असतं रस्त्याच्या पलीकडून, म्हणून चार फटकारे मारले की ते दहा पावलं मागे जात, एक डोळा मिटून बघत आणि पुन्हा पुढे येत. तीस वर्षं हेच केल्यामुळे जगातली कुठलीच गोष्ट त्यांना जवळून धड दिसेनाशी झाली होती. तुमच्याशी बोलता बोलता ते मागे सरकू लागत आणि मुद्दा येईपर्यंत रस्त्याच्या पलीकडे पोचलेले असत. उरलेलं वाक्य तिथून ओरडून पुरं करत. आमच्या घरी माझ्या लग्नाचं पहिल्यांदा निघालं तेव्हा वडिलांनी मोठ्या विश्वासाने त्यांना मुलाचा फोटो दाखवला. चाचांनी फोटो भिंतीला टेकवला, मागे सरकत सरकत माजघरातून थेट परसात गेले आणि तिथून मत दिलं, "लांबनं बरा हाय." ते स्थळ आम्ही सोडून दिलं.

त्यांची दाढी पांढरी होती असं चाची सांगायच्या. आम्ही ती पांढरी कधी पाहिली नाही. पुढचा सिनेमा कोणता हे गल्लीला चाचांच्या दाढीवरून कळे. लाल छटा दिसली की डाकूंचा, निळी दिसली की देवादिकांचा, आणि गुलाबी दिसली की कॉलेजातली पोरं आत्ताच रांग कुठे लावायची ते विचारून जात. आठवड्यातून एकदा तरी ब्रश चहात बुडे आणि रंगाच्या पाण्याचा घोट पोटात जाई. हिरो-हिरॉइन ते फोटो बघून काढत, पण खलनायकाला मात्र ओळखीच्या माणसाचा चेहरा देत. का, तर ओळखीचा माणूस असला की राग बरा येतो. एकदा आमचे रेशन दुकानदार हातात पिस्तूल घेऊन वीस फूट उंच थिएटरवर झळकले. तीन दिवस ते चाचांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सहकुटुंब सिनेमाला जाऊन आले.

या हसऱ्या माणसाच्या पोटात एक सल मात्र होता. दर शुक्रवारी सिनेमा बदले. त्याआधी जुनं बॅनर खाली उतरे, त्याच्यावर सफेदा फासला जाई आणि त्याच कापडावर नवे चेहरे चढत. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, त्यामुळे गल्लीभर मला 'बाई' म्हणत. एका गुरुवारी चाचा ओला सफेदा वाळायची वाट बघत बसले होते. मला म्हणाले, "बाई, डोंगराएवढी चित्रं काढली. पन एकबी शुक्रवारच्या पुढं जगलं न्हाय." त्यांना आयुष्यात एक, फक्त एक, टिकणारं चित्र हवं होतं.

त्यासाठी त्यांनी हेरून ठेवली होती ती आमच्या तालमीची मागची भिंत. भिंतीसमोर पाण्याची सार्वजनिक चावी होती, म्हणजे नळ; तिथे सकाळ-संध्याकाळ बायकांची रांग लागे. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, जुनी पोस्टरं आणि 'येथे घाण करू नये' ही सूचना. घाण नेमकी त्या सूचनेखालीच होई. तालमीच्या वस्तादांनी परवानगी दिली, फक्त चित्रात कुस्ती हवी म्हणाले. चाचांनी एका सकाळीत कोळशाने आखणी केली. मधोमध रंकाळा, काठावर कुस्ती लागलेली, आणि अगदी कोपऱ्यात शोभेला एक छोटी म्हैस. एवढ्या भिंतीला ऑइलपेंट परवडणारा नव्हता, म्हणून रंग म्हणजे चुना, गेरू, नीळ आणि काजळी, आणि टिकावं म्हणून त्यात डिंक. एवढ्या भिंतीला एकटा माणूस पुरायचा नाही, म्हणून त्यांनी एक कायदा जाहीर केला. ज्याला चूक दिसेल त्याने बोट दाखवायचं नाही, ब्रश घ्यायचा.

कोल्हापुरात चूक काढायला माणसं कमी पडत नाहीत. पहिले वस्तादच आले. पैलवानाकडे बघून म्हणाले, ही मांडी कारकुनाची हाय. चाचांनी निमूट ब्रश त्यांच्या हातात दिला. कुणाच्याही बापाला न घाबरणारा तो माणूस दोन तास घाम पुसत मांडी रंगवत होता, आणि शेवटी पैलवानाची मांडी त्याच्या छातीपेक्षा मोठी झाली. मी रंकाळ्याच्या घाटाच्या पायऱ्या वाकड्या आहेत असं बोलून गेले आणि चार रविवार पायऱ्यांवर घालवले. चावीवरच्या बायकांनी चित्रात आपापले हंडे मांडले, पण रांगेत पहिली कोण यावरून तीन दिवस भांडण चाललं. अखेर चाचांनी ती रांग वाटोळी करून दिली.

खरी कमाल केली गवळ्यांनी. दारात म्हैस आणून दूध काढून देणारी ही माणसं. म्हशीच्या बाबतीत त्यांना ब्रह्मदेवाचंही पटलं नसतं. आमच्या गवळ्याने कोपऱ्यातली म्हैस बघून ही शेळी असल्याचा निकाल दिला आणि तिची शिंगं खांद्यापर्यंत ओढली. शिंगांना शोभावी म्हणून पाठ वाढवली. पलीकडच्या पेठेतला गवळी मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "कास एवढीशी? दूध काय बाटलीतनं देती व्हय?" मग कास वाढली, कासेला पेलावं म्हणून पोट वाढलं. महिन्याभरात म्हशीने निम्मी भिंत व्यापली आणि रंकाळ्याचं तिच्या शेपटीखाली डबकं झालं. चाचा चावीपर्यंत मागे जाऊन बघायचे आणि हसायचे. मी मात्र मनातून चिडले होते. एवढा कसबी माणूस, त्याचं चित्र ही मंडळी खाऊन टाकताहेत असं मला वाटत होतं.

पावसाळ्याने ते सगळंच धुऊन नेलं. भाद्रपद संपताना भिंतीवर उरल्या गेरूच्या ओघळरेषा आणि एक शिंग. चाचा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा गवळी त्यांच्या दारात उभा. तक्रार करायला आल्यासारखा म्हणाला, "चाचा, म्हस गेलीया. भाईर या." मागोमाग वस्ताद मांडीची चौकशी करत आले, आणि दोन बायका डिंक भिजत घालूनच आल्या. नवरात्रात सगळी गल्ली पुन्हा भिंतीला लागली आणि दसऱ्याला म्हैस पहिल्यापेक्षा वीतभर लांब होऊन उभी राहिली. पुढे हा रिवाजच पडला. पावसाने पुसायचं, नवरात्रात गल्लीने रंगवायचं. भिंतीखाली घाण करायची मग कुणाची छाती झाली नाही, कारण भिंत ज्याची त्याची झाली होती.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग निवडणुकीला उभं राहायच्या विचारात असलेल्या एका कंत्राटदाराने तालमीत बैठक बोलावली. पक्का ऑइलपेंट तो देणार होता, पुण्याहून आर्टिस्ट आणणार होता, आखणी चाचांचीच राहणार होती, अगदी पहिल्यासारखी, रंकाळ्यासकट. पंधरा वर्षं रंग हलणार नाही म्हणाला. सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. जन्मभर त्यांनी हेच तर मागितलं होतं. चाचा सवयीने मागे सरकू लागले, लोकांनी सवयीने वाट दिली. दाराशी पोचून ते थांबले.

"पक्की झाली की दसऱ्याला हितं यायचं कारन काय ऱ्हायलं?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आमची कच्चीच."

घरी परतताना मला राहवलं नाही. मी विचारलं, त्या भिंतीवर तुमची एक रेघ तरी शिल्लक आहे का? वाईट नाही वाटत? त्या दिवशी पहिल्यांदाच ते माझ्या शेजारून, सरळ चालत होते. म्हणाले, "बॅनरवर खाली माझं नाव असायचं, बाई. शुक्रवारी ते पुसलं तर कुनी इचारलं न्हाय, कुठं गेलं म्हून. हितं म्हशीचा कान पुसला की सकाळी चार मानसं दार वाजवत्यात." इतकी वर्षं मी चाचांच्या वतीने उगाच रुसून बसले होते.

चाचा गेले तेव्हा मी बदली होऊन पेठ वडगावला होते. नवरात्रात मुद्दाम आले. गल्लीने ठरवलं होतं, या वर्षी भिंतीवर चाचा काढायचे. पण इतक्या वर्षांत जो तो आपापलंच शिकलेला. वस्तादांनी काढलेल्या चाचांची मान पैलवानाची झाली. गवळ्याने डोळे काढले ते मोठे, काळेभोर आणि फार मायाळू झाले. कुणाचे ते सगळ्यांना कळलं. बायकांनी चेहरा हंड्यासारखा गोल केला. दसऱ्याच्या दिवशी सगळे चावीपर्यंत मागे गेले, एक डोळा मिटून पाहिलं, आणि हे चाचा न्हवंत यावर एकमत झालं.

पावसाने तो चेहरा धुतला. पुढच्या नवरात्रात पुन्हा काढला, पुन्हा जमला नाही. अजून जमलेला नाही. दरवर्षी कुणाला कपाळ पटत नाही, कुणाला हनुवटी, आणि जो तो ब्रश घेऊन पुढे होतो. गेल्या खेपेला ओठ मी केले. बरेचसे चुकले. मी वडगावच्या गाडीत बसले तेव्हाही वस्ताद खिडकीशी उभे राहून सांगत होते, चाचा असं हसत न्हवतं बाई, पुढच्या सालाला लवकर या.